टोपाच्या मापाची माशांची पेटी

माशांची पेटी घ्यायला निघालेली बाई सोबत काय घेते? पिशवी घेईल, फार तर छत्री घेईल. माझ्या आईने टोपाचं झाकण घेतलं. तेही साधंसुधं नव्हे. दोन्ही हातांनी छातीशी धरावं लागेल असलं बावीस इंचांचं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, आणि त्याच्या मुठीला बांधलेली, गाठी मारलेली एक सुतळी. डिलाईल रोडच्या स्टॉपवर आम्ही बसची वाट बघत होतो आणि येणारा-जाणारा आधी झाकणाकडे, मग आईकडे आणि शेवटी माझ्याकडे बघत होता. मी नुकतीच बँकेत चिकटलेली, कडक इस्त्रीचे कपडे घालणारी मुलगी. मी तिच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण राहिले होते हे खरं.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, झाकणाचं तिकीट फाडू काय?"

"फाड," आई म्हणाली, "पण मगे तेका सीट दी."

सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

झाकणाचं कळायचं तर आधी टोपाचं सांगायला हवं, आणि टोपाचं सांगायचं तर खानावळीचं. माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले. आई मालवणकडची, हाताला चव, अंगात जोर, आणि गिरणीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली. तिने खानावळ घातली. जेवायला तीसेक माणसं, सगळी आमच्याच बाजूची, बायकामुलं गावाला ठेवून आलेली. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी. चूल कधी पुरती विझायचीच नाही. तीन टोप होते. धाकट्यात भाजी, मधल्यात माशाची कढी आणि मोठ्यात भात. ताट खानावळीचं, पण पेला ज्याचा त्याने आणायचा, नाव घालून. तसा आमच्याकडे नियमच होता.

मोठा टोप हा माझा जन्माचा वैरी. तो घासणं माझ्याकडे होतं. नारळाची शेंडी आणि राख घेऊन मी मोरीत बसायचे आणि तळाला हात पोचावा म्हणून कमरेपर्यंत टोपात वाकायचे. बाहेर फक्त फ्रॉक आणि दोन पाय. मग जेवायला बसलेल्यांपैकी एक बुटका हमखास ओरडायचा, "वहिनी, आज भातात चेडू शिजवलंस काय गो?" चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. रोज तोच विनोद आणि रोज तेवढंच हसू. टोपाच्या आतून मला ते हसणं घुमून ऐकू यायचं आणि मी रागाने आणखी जोरात घासायचे. त्यामुळे टोप मात्र लखलखीत राहायचा.

मग गिरण्यांचा संप आला. पहिले काही आठवडे माणसं जेवताना नुसती जोशात होती. हा बुटका तर सभेला घोषणा द्यायचा; आवाज त्याच्या उंचीच्या दुप्पट. पुढे एकेक जण गावी जाऊ लागला. जाताना प्रत्येक जण पेला आईकडे द्यायचा. "ठेव वहिनी, संप मिटलो की येतंय." सहा महिने झाले तेव्हा मोठ्या टोपातला भात तळालाच दिसायला लागला होता. एके दिवशी आईने तो घासून, पुसून, तोंडाला धोतराचं फडकं बांधून चौघांकडून माळ्यावर चढवून घेतला. झाकण तेवढं पाण्याच्या पिंपावर ठेवायला खाली राहिलं. राहिलेल्या माणसांना ती म्हणाली, "संप मिटलो की ह्यो खाली येतलो. तवसर नाय."

आणि संप काही मिटला नाही. म्हणजे गिरण्या काही चालू झाल्या, काही कायमच्या बंद पडल्या, माणसं मिळेल त्या कामाला लागली. पण संप मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. मधला टोपही बंद झाला, खानावळ बंद झाली, उरलेल्यांनीही आपापले पेले आईकडेच ठेवले. आई मसाले कुटून विकू लागली आणि मी शिकले. मुंबईत टिकून राहिलेल्यांपैकी काही जण दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन यायचे, उंबऱ्याशी बसून चहा प्यायचे आणि जायचे. जेवायला कोणी थांबायचं नाही आणि आई कोणाला थांब म्हणायची नाही. बुटका दर वर्षी विचारायचा, "वहिनी, संप मागे घेतल्याचा कोणी सांगितला काय?" आई म्हणायची, "नाय." "मगे!" असं म्हणून तो माळ्याकडे बघायचा आणि आईही बघायची. मला दोघांचाही संताप यायचा. एक तर आमची खोली दहा बाय बारा, त्यात माळ्यावरची निम्मी जागा एका टोपाने बळकावलेली, आणि ती कशासाठी, तर म्हणे शब्द दिलाय.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग आईची दाढ दुखायला लागली.

दादरला दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीत एक मोठी माशांची पेटी होती. निळा उजेड, खाली पांढरी वाळू, आणि सोनेरी मासे आरामात फिरत होते. आईचा नंबर आला तरी ती उठेना. तिने आपला नंबर एका बाईला दिला, मग एका म्हाताऱ्याला, मग एका शाळकरी मुलीला. शेवटी मीच दंडाला धरून उठवलं. परत येताना ती पूर्ण वाट गप्प होती. मला वाटलं, दाढेमुळे. चाळीच्या जिन्यात म्हणाली, "जन्मभर मासे हाताळलंय गो. पण माशाक वळताना कधी बघूकच नाय." आणि वरच्या पायरीवर, "एक असतो तर बरा झाला असता. कापूचो नाय, तळूचो नाय, नुसतो बघूचो."

आईने मागितलेली ही पहिली वस्तू. मी त्याच जिन्यात ठरवलं की पेटी घ्यायची, आणि बारकी नाही, चांगली मोठी घ्यायची. माशांना वळायला जागा हवी ना.

खोलीत मोकळी भिंत एकच होती, माळ्याखालची. म्हणजे काचेच्या बरोबर डोक्यावर टोप. माळ्याच्या फळ्या आधीच पोटाला आलेल्या. मी म्हटलं, हे चालणार नाही, टोप खाली पडला तर पेटी, पाणी, मासे सगळ्याचा एका मिनिटात चिखल होईल. टोप काढून टाकूया. भंगारवाला आनंदाने नेईल.

आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जे काही बोलायचं ते धाकट्या टोपाला उद्देशून बोलायची. "लोकांका सगळा जड होता. उद्या आयशीकय भंगारात देतीत." चौथ्या दिवशी मला सरळ म्हणाली, "तसा असात तर पेटी नको माका. टोप घराभायर जाऊचो नाय." तिचे डोळे भरले होते, आणि आई काही ऊठसूट रडणारी बाई नव्हे. मी वरमले, पण हटले नाही. पेटी हवी तर टोप जाणार, टोप राहणार तर पेटी नाही. दोघी सारख्याच हट्टी, शेवटी माती एकाच खाणीची.

त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "त्या डॉक्टराकडे पेटीच्या खाली काय होता?"

"कपाट. त्याला कॅबिनेट म्हणतात. पेटीला मॅचिंग असतं."

"मॅचिंग म्हणजे? साडी-पोलक्यासारखा?"

"हो, तसंच."

"आणि आत काय ठेवतत?"

"काही नाही. पंप, माशांचं खाणं, जाळी."

आईने सूप खाली ठेवलं. शिडी लावली, पदर खोचला आणि त्या वयात माळ्यावर चढून सुतळीने टोपाची उंची मोजली. उंचीला सुतळी आणि रुंदीला झाकण. असं माप घेऊन आम्ही त्या शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला निघालो.

तिथे माशांच्या दुकानांची रांगच होती. पहिल्या तीन दुकानांत आमचं हसं झालं. दुकानदार पेट्या दाखवायचा, आई पेट्यांकडे ढुंकूनही न बघता खाली वाकून कपाटाचं दार उघडायची आणि आत झाकण सरकवून बघायची. झाकण अर्ध्यात अडकायचं. "आंटी, अठरा इंच स्टँडर्ड साइज आता है," एक जण म्हणाला. आईने त्याला आपल्या हिंदीत सुनावलं, "तुमारा स्टँडर्ड तुमारे पास रखो. मेरा टोप बावीस का है, और दो कान भी है उसको." मी बाहेर जाऊन पोपटांच्या पिंजऱ्यापाशी उभी राहिले.

चौथ्या दुकानातला म्हातारा वेगळा निघाला. त्याने झाकण हातात घेतलं, पालथं करून बघितलं आणि विचारलं, "इसमें क्या पकता है, बहन?"

"चावल. तीस आदमी का."

त्याने मान हलवली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसला. कपाट चोवीस इंच खोल करून देईन, म्हणाला, पण मग वरची पेटीही तेवढीच रुंद हवी, नाहीतर पुढे नुसती फळी उरेल आणि सगळं पाणी तिथे सांडेल. तर पेटी अशी मोठी होत गेली, टोपामुळे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, वीस इंच उंच. कपाटाच्या मधोमध उभी फळी असते ती मधून काढून उजवीकडे सरकवायची, पाय जाड करायचे, डाव्या बाजूला एकच मोठं दार. सनमायका निवडायला त्याने तुकड्यांची माळ काढली. आईने सागवानी, अक्रोडी, पांढरा असे सगळे नाकारले आणि फणसाच्या लाकडासारख्या पिवळसर तुकड्यावर बोट ठेवलं. पेटीच्या वरचं दिव्याचं झाकणही त्याच रंगाचं. "मॅचिंग होना चाहिये," तिने बजावलं. शब्द नवा होता, तिला आवडला होता.

मासेही तेव्हाच बघून ठेवले. आई आयुष्यभर बाजारात मासे घेत आलेली, तिने सवयीने विचारलं, "ये वाटा कैसे दिया?" त्या बिचाऱ्याला वाटा म्हणजे काय ते मी समजावलं की कोळणी चार-सहा मासे एकत्र मांडतात आणि तसे विकतात. त्याने एक चंदेरी, लांबट, काळ्या कडांचे पर असलेला मासा दाखवला. फार डौलदार होता. आईने निरखून बघितलं आणि मान फिरवली. "ह्यो नको. बांगड्यावारी दिसता. ह्याका बघून माका तिरफळा आठवतत." तिरफळं आमच्याकडे बांगड्याच्या कढीत पडतात.

सगळं ठरलं आणि म्हाताऱ्याने पत्ता लिहायला घेतला. "कौनसा माला?"

"तिसरा."

"बिल्डिंग?"

"चाळ आहे," मी म्हटलं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. पाणी, काच, वाळू, कपाट मिळून साडेचारशे-पावणेपाचशे किलो होतील, म्हणाला. लाकडी तुळयांवरची जमीन आहे ना? आधी जमीन बघून या, मगच ऑर्डर घेतो. असा दुकानदार मी आयुष्यात परत बघितला नाही.

घरी आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. खालच्या खोलीतली काकी जिन्यातच उभी. "माझ्या डोक्यावर समुद्र आणतेस होय गं? झोपेत बुडून मरू आम्ही?" तिचं काही चूक नव्हतं. आईने तिला उलट उत्तर दिलं नाही. नुसती मला म्हणाली, "पावणेपाचशे म्हणजे किती माणसा झाली?"

"माणसं कशाला?" मी विचारलं.

"साठ-साठ किलोची धर."

"आठ," मी म्हटलं.

"ह्या खोलयेत तीस-तीस जेवूक बसायचे. आठांक काय होता!"

काकी म्हणाली, तीस जण खोलीभर पांगून बसायचे, एका कोपऱ्यात नव्हते. मुद्दा बरोबर होता. मग आईने फिटरला निरोप धाडला. तो खानावळीतला जुना माणूस, गिरणीत फिटर होता आणि आता माटुंग्याला एका कॉलेजात शिपाई. तो आला, जमिनीवर टाच आपटून बघितली, तुळई बघितली आणि म्हणाला की गिरणीत वरच्या मजल्यावर जड मशीन बसवायच्या आधी तेवढ्या वजनाची पोती रचून बघायचे. पण तिसऱ्या मजल्यावर वाळूची पोती चढवणार कोण?

"माणूस म्हणजे आपल्या पायान वर येणारा पोता," आई म्हणाली. "तुका धरून आठ जणांक घेवन ये."

आणि मग मला कळलं की कोण कुठे आहे ते आईला तोंडपाठ होतं. एक कॉटन ग्रीनला गोदामावर वॉचमन, एक दादरला फुलांच्या गाळ्यावर, एक लालबागला मसाल्याच्या दुकानात, बुटका परळला एका सोसायटीची लिफ्ट चालवतो. मी इतकी वर्षं एकाच खोलीत राहून यातलं काही विचारलं नव्हतं. रविवारी सकाळी दहाला आठही जण हजर. केस पांढरे, पोटं सुटलेली, एकाने तर लग्नाला जावं तसा सफारी घातलेला. जिन्यातच त्यांची एकमेकांना शिव्या घालत गळाभेट चालू झाली.

फिटरने जमिनीवर खडूने चार बाय दोनचा चौकोन आखला. खाली काकीच्या खोलीत त्याच तुळईला ओळंबा टांगला, आणि ओळंब्याच्या टोकाखाली पाट ठेवून त्यावर राख पसरली. टोक राखेपासून फक्त करंगळीभर वर. तुळई वाकली तर टोक राखेत रुतणार. राखेवर नजर ठेवून बसायचं काम माझ्याकडे. "अर्धो तास," फिटर म्हणाला. "कोणी हलूचा नाय."

मी आणि काकी पाटाशी बसलो. वरून एकेक पाऊल चौकोनात आल्याचा आवाज येऊ लागला. काकी तोंड वासून छताकडे बघत होती. तिसऱ्या पावलाला म्हणाली, "हा फिटर." पाचव्याला, "हा बुटका. मेला अजून तशीच टाच आपटतो." मी तिच्याकडे बघितलं. खानावळीच्या दिवसांत हीच काकी आवाजावरून रोज भांडायला वर यायची. आठवं पाऊल पडलं आणि छतातून चिमूटभर चुना तिच्या चहात पडला. ओळंबा तांदळाच्या दाण्याएवढा खाली आला आणि थांबला.  वर कोणीतरी काहीतरी बोललं आणि आठही जण एकदम हसले. पंचवीस मिनिटं झाली तरी राख जागची हलली नाही. काकीने चुना बोटाने बाजूला करून चहा पिऊन टाकला. "किती वर्षांनी गं हे ऐकते," ती म्हणाली. "आण तुझा समुद्र."

मी धावत वर गेले. दृश्य बघण्यासारखं होतं. चौकोनात आठ माणसं इतकी दाटीने उभी की कोणाचा हात कोणाचा ते कळेना. उंच माणसं कडेने, आणि मधोमध बुटका, फक्त डोकं दिसत होतं. मी सांगितलं, राख जशीच्या तशी आहे. सगळे ओरडले. फिटर म्हणाला, "गप! पाच मिनिटां आसत अजून."

तेव्हा आई पुढे आली. पदराला हात पुसत ती चौकोनाच्या कडेशी उभी राहिली.

"आता कामाचा बोलतंय," ती म्हणाली. "पेटी हयसर येतली. टोप वर ठेवूक जमाचा नाय, फळये मोडतले. तो खाली काढूक व्हयो. पण संप मिटल्याशिवाय काढूचंय नाय, असो मी शब्द दिलंय, तुमच्याच म्होरे. आता तुमीच सांगा." आणि मग बुटक्याकडे बघून, "तू सांग. संप मिटलो काय रे?"

हसणं थांबलं. दर दसऱ्याला तोच हा प्रश्न विचारायचा, आज पहिल्यांदा त्याला कोणी विचारत होतं. त्याला मान वळवायलाही जागा नव्हती. तो समोरच्याच्या सफारीच्या बटणाकडे बघत म्हणाला, "मागे घेतल्याचा कोणी सांगूक नाय, वहिनी."

"ता माका ठाऊक आसा. मी तुका विचारतंय."

 त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता, तो त्याने थोपटल्यासारखा हलवला.  टोप भंगारात जावा म्हणून भांडलेली मी, आणि आता हा चुकून 'नाही मिटला' म्हणाला तर काय, म्हणून माळ्याची शिडी घट्ट धरून उभी होते.

"आपलो मिटलो," तो म्हणाला. "आपल्यापुरतो मिटलो, वहिनी. काढ टोप."

कोणीतरी हुंदका दिला आणि कोणीतरी शीळ घातली. सगळे टोप काढायला एकदम माळ्याकडे वळले आणि फिटर जीव तोडून ओरडला, "हलू नका रे! दोन मिनिटां रवलीत!" आणि ती आठ म्हातारी होत चाललेली माणसं, डोळे पुसायलाही हात मोकळा नसलेली, दोन मिनिटं मुकाट्याने उभी राहिली.

टोप खाली आला तो चौघांच्या हातांतून, वर गेला होता तसाच. आईने फडकं सोडलं. आत पेले होते. एकतीस पेले, एकात एक घालून, प्रत्येकावर नाव. मला वाटायचं तो टोप माळ्यावर रिकामा पडलाय. मागाहून आलेले पेलेही आई शिडी लावून त्यातच ठेवत आली होती. आठही जण जमिनीवर बसून आपापला पेला शोधू लागले. कोणी नाव वाचत होता, कोणी पोचा बघून ओळखत होता. आठ पेले उचलले गेले. तेवीस तसेच राहिले. काहींची नावं वाचून फिटर नुसती मान हलवायचा आणि पेला हळूच परत ठेवायचा, आणि मग कोणी काही विचारायचं नाही.

"चाय टाकतंय," आई म्हणाली.

"चाय?" बुटका ओरडला. आवाज तोच, उंचीच्या दुप्पट. "अर्धो तास आठ माणसांका उभा करून चाय?"

मग मी टोप घेऊन मोरीत बसले. कोणी सांगितलं नव्हतं. राख काकीच्या पाटावरचीच आणली, शेंडी आईने पुढे केली. बारा वर्षांत कळकटलेलं जर्मन घासताना लहानपणची चाल हाताला आपोआप आठवली. आता कमरेपर्यंत वाकावं लागत नव्हतं, कोपरापर्यंत हात घातला की तळ लागत होता. बाहेरून अपेक्षेप्रमाणे आवाज आला, "वहिनी, चेडू वाढला गो! आता टोपात मावाचा नाय!" सगळे हसले आणि मीही हसले. त्या विनोदाला हसायची माझी ती पहिलीच वेळ. भात, बांगड्याची तिरफळं घातलेली कढी, आणि खालून काकीने आणलेलं लोणचं. त्या दिवशी आम्ही चार वाजेपर्यंत जेवत होतो.

पेटी पुढच्या पंधरवड्यात आली. फणसाच्या रंगाचं कपाट, वर काच, वर त्याच रंगाचं झाकण, साडी-पोलक्यासारखं मॅचिंग. टोप डाव्या दारातून आत गेला, कानांना दोन बोटं जागा राखून. उजव्या खणात पेले. दुकानातून पंप बसवायला आलेल्या माणसाने दार उघडलं, आत बघितलं आणि पंपाचा खोका कुठे ठेवू म्हणून विचारलं. आई म्हणाली, "ऊपर रखो. नीचे जगा नहीं है."

मासे आठच घेतले. ते वळायचे तेव्हा आई हातातलं काम थांबवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी टोप बाहेर निघायचा. मी तो घासायचे, आणि आई पेले धुवायची, एकतीसच्या एकतीस. एकदा मी म्हटलंच, की आठ धुतले तरी पुरे, बाकीचे कोण येणार आहेत? ती म्हणाली, "येवंत नायतर नको येवंत. धुवन ठेवूक काय जाता?"

पुढच्या वर्षी, असाच एक रविवार होता. पंगत बसलेली, आई वाढत होती. दारात एक वाळलेला, उन्हाने काळा झालेला माणूस येऊन उभा राहिला. हातात पिशवी, पायांत गावची धूळ. त्याने आत बघितलं, माशांकडे बघितलं आणि बिचकून एक पाऊल मागे गेला, खोली चुकली असं त्याला वाटलं असणार. मग त्याला टोप दिसला.

"वहिनी," तो म्हणाला, "माझो पेलो आसा काय गो अजून?"

आई वळायच्या आत मी उठून कपाट उघडलं होतं. नाव विचारावं लागलं नाही. त्याच्या कपाळावरची जुनी खोक लहानपणी टोपातून डोकं वर काढलं की मला रोज पंगतीत दिसायची. त्याचा पेला दुसऱ्या रांगेत तिसरा होता, आणि धुतलेला होता.